शेवटच्या पंगतीचा बेत

(रौप्यमहोत्सवाच्या तयारीसाठी कोजागरीच्या रात्री गच्चीवर भरलेल्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



दूध आटायला अजून अर्धा तास आहे, तेवढ्यात तुमचं बोलणं उरका, असं सचिवभाऊंनी मला बजावलं आहे. विषय जेवणाचा आहे, म्हणजे अर्ध्या तासात उरकणारा नाही. तरी प्रयत्न करते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. गेली बावीस वर्षं मी भोर-वेल्ह्यात लग्नाकार्याच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते. इथल्या बऱ्याच घरांची बारशी, मुंजी, साखरपुडे माझ्याच कढईतून गेले आहेत. पण आपल्या समारंभाचं काम मी घेणार नाही. समितीला तसं लेखी कळवलं आहे. आपल्याच सोसायटीचं कंत्राट घ्यायचं आणि हिशेबाच्या सभेत उत्तरं द्यायला उभं राहायचं, हे बरं दिसत नाही. शिवाय पंचवीस वर्षांत एकदा तरी मला सगळ्यांबरोबर पंगतीत बसून जेवायचं आहे. तेव्हा आज मी जे बोलणार आहे, त्यात माझा एक रुपयाचा फायदा नाही.

आता वाद काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. समितीपुढे दोन दरपत्रकं आली आहेत. एक पुण्याचं आहे. चोवीस पदार्थ, चाट, पास्ता, दोन प्रकारचं आइस्क्रीम, ताटाला ५५० रुपये. दुसरं इथलंच. दहा पदार्थ, आचारी आणि गॅस त्यांचा, ताटाला २८० रुपये. तरुण मंडळींना पहिलं हवं आहे, वडीलधाऱ्यांना दुसरं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आठवडाभर त्याचीच चर्चा चालू आहे. माझं म्हणणं असं, की पदार्थांची यादी सगळ्यात शेवटी करायची असते. आधी माणसं मोजायची.

तर मोजू या. आपल्या ६४ सदनिका. भाडेकरू धरून राहणारी माणसं २७१, हा आकडा सचिवांच्या वहीतला. दोन वॉचमन, जिने झाडणाऱ्या मावशी, पाण्याची मोटर बघणारे, घरोघरी काम करणाऱ्या मावश्या, हे सगळे घरच्यांसकट ३४. फ्लॅट विकून पुण्याला गेलेले, पण पहिल्या दिवसापासून आपल्याबरोबर असलेले जुने सभासद ३०. पाहुणे २०. झाले ३५५. आणि एक हिशेब सगळेच विसरतात. आचारी, त्यांचे हाताखालचे, मांडववाले, माइकवाले. त्यांनाही भूक लागते. ते २५. एकूण ३८०. यातले कामाच्या पाळीमुळे, परीक्षेमुळे, आजारपणामुळे तीसेक जण येणार नाहीत. म्हणजे ३५० ताटं. घरटी चार जण धरा आणि गुणा, असा हिशेब केला असता तर आपण २५६ वर थांबलो असतो. ९४ ताटांचा फरक! हा फरक कुणाच्या पानात पडतो? पहिल्या पंगतीतल्या माणसाच्या नाही. शेवटच्या पंगतीतल्या.

बावीस वर्षांत मी एक गोष्ट बघत आले आहे. पहिल्या पंगतीत जिलबीचं ताट तीनदा फिरतं. दुसऱ्या पंगतीत एकदा. तिसऱ्या पंगतीच्या वेळी यजमान मुदपाकखान्यात येतात आणि हळूच सांगतात, "ताई, आता जरा हात आखडून." कोशिंबीर संपलेली असते, मठ्ठ्यात पाणी वाढलेलं असतं, मसालेभाताच्या नावाखाली तळाची खरपुडी येते. आणि त्या पंगतीत बसलेले कोण असतात? दिवसभर राबलेली घरची माणसं, वाढपी, ड्रायव्हर, मांडववाले, भांडी घासणाऱ्या बायका. म्हणून मी कुठलाही बेत ठरवताना शेवटचं पान डोळ्यांपुढे आणते. त्या पानावर जे पदार्थ पहिल्या पानाइतकेच, तेवढेच गरम वाढता येतील, तेवढेच यादीत ठेवायचे. बाकीचे कितीही भारी असोत, खोडून टाकायचे.

चोवीस पदार्थांचं काय होतं ते सांगते. माणसाचं पोट चोवीस पदार्थ बघून मोठं होत नाही. दहा असोत की चोवीस, माणूस जेवतो साधारण तेवढंच. पण चोवीस असले की प्रत्येक पदार्थ चव बघण्यापुरता घेतला जातो आणि निम्मा टाकला जातो. कुठला पदार्थ उडेल आणि कुठला पडून राहील, हे कॅटररलाही सांगता येत नाही. मग तो प्रत्येकाचं प्रमाण कमी करतो. पाऊण तासात पाणीपुरीचं टेबल रिकामं आणि कोपऱ्यातली कसलीतरी ग्रेव्ही पातेलंभर शिल्लक, असं होतं. पैसे मात्र दोन्हीचे दिलेले असतात.

आता आपल्या समारंभाचा बेत. समारंभ जानेवारीत, रविवारी, दुपारी करावा असं मी सुचवते. तारीख पक्की करण्याआधी पंचांग बघा. आपल्याकडे माळकरी घरं आहेत, एकादशी आली तर त्यांच्या पानात फक्त पाणी. आपल्यातल्या दोन जैन घरांना सूर्यास्तानंतर जेवण चालत नाही. कानंदी, गुंजवणी, वेळवंडीच्या खोऱ्यातून ज्यांचे आईवडील येणार आहेत, त्यांना उजेडात परत जायचं असतं. रात्रीच्या जेवणात हे सगळे अडकतात, दुपारच्या जेवणात सुटतात. मटणाचा आग्रह काही भाऊ करत आहेत. जत्रेला ते शोभतं, आणि मीही ते चांगलं करते. पण तीनशे पन्नास माणसांत दोन चुली, दोन पंगती, दोन प्रकारची भांडी करायची, म्हणजे एका दिवशी एकत्र येऊन वेगळं बसायचं. एकच पंगत ठेवायची तर शाकाहारी बेत बरा.

माझ्या मते बेत असा असावा: साधं वरण-भात, तूप, लिंबू. मटार घातलेला मसालेभात. पुरी. बटाट्याची भाजी. पावट्याची उसळ. काकडीची कोशिंबीर. ओल्या खोबऱ्याची चटणी. नाचणीचा पापड. जिलबी. मठ्ठा. सगळं कांदा-लसणाशिवाय होतं. जैन घरांना बटाटा चालत नाही, त्यांना उसळ आहे. जानेवारीत मटार आणि पावटा बाजारात भरपूर असतो. पावटा सोलणं हे कष्टाचं काम, पण घरटी पाऊण किलो शेंगा वाटून दिल्या की आदल्या संध्याकाळी गप्पा मारता मारता सोलून होतील. श्रीखंड मी मुद्दाम घेतलं नाही. थंडीत म्हातारी माणसं आणि लहान मुलं ते बाजूला सारतात. जिलबी समोर तळता येते, ती शेवटच्या पंगतीलाही कुरकुरीत मिळते.

भाताबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण इथेच भल्याभल्यांची फजिती होते. आपल्याकडे शेत कुणाचं वेल्ह्यात – म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात – तर कुणाचं हिर्डोशीकडे. त्यामुळे सगळे म्हणणार, भात इंद्रायणीचाच हवा. बरोबर आहे. इंद्रायणी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेली जात, आपल्या मावळातच रुजली, वास आणि चव दोन्ही आहे. पण ती मुळात चिकट. त्यात आपलं भात कापलं जातं दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे जानेवारीतला तांदूळ नवा. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं आणि मोठ्या पातेल्यात दहा-बारा किलो एकदम शिजवला की वरचा दाणा कच्चा, तळाचा गिच्च. म्हणून इंद्रायणीचा फक्त साधा भात करायचा, तोही तीन वेळा, चार-पाच किलोच्या घाण्यात. मसालेभाताला जुना कोलम घ्यायचा, तो मोकळा राहतो. मसालेभात इंद्रायणीचा करा म्हणणाऱ्या यजमानाला मी दोन वाट्या तांदूळ शिजवून दाखवते. मग तेच कोलम म्हणतात.

शिधा किती लागतो, हे बऱ्याच वहिनींनी विचारलं होतं. शंभर ताटांचा माझा ठोकताळा लिहून घ्या:

मसालेभाताला कोलम ५ किलो, मटारदाणे दीड किलो.
साध्या भाताला इंद्रायणी ४ किलो, वरणाला तूरडाळ ३ किलो.
पुऱ्यांना कणीक ९ किलो.
बटाटे ११ किलो. पावट्याचे सोललेले दाणे ६ किलो.
काकडी ७ किलो. नारळ १० ते १२.
जिलबी १२ किलो.
मठ्ठ्याला दही १० किलो.
साजूक तूप १ किलो, लिंबं २५.
पिण्याचं पाणी २० लिटरचे ५ जार, थंडीत एखादा कमी चालेल.

हे आपल्याकडच्या खाणाऱ्यांचं प्रमाण आहे. आपल्याला याच्या साडेतीनपट. म्हणजे कोलम साडेसतरा किलो, इंद्रायणी चौदा, कणीक साडेएकतीस, जिलबी बेचाळीस किलो. शेती असलेल्या चार घरांनी साडेतीन-साडेतीन किलो तांदूळ दिला, तर साधा भात आपल्याच शेतातला होईल. ज्यांना द्यायचा आहे त्यांनी आनंदानं द्या. पण कुणी दिला आणि कुणी नाही, याची पाटी लावू नका.

आता हा शिधा शेवटपर्यंत पुरवायचा कसा? आपल्या पार्किंगमध्ये टेबल-खुर्च्या लावून १२० माणसं बसतात. गुडघ्यांचा विचार करून खाली बसणं नको. तीन पंगती होतील. बाराची, बारा पन्नासची आणि एक चाळीसची. अडीचला सगळं आटोपतं. सगळा भात सकाळी दहाला शिजवून ठेवायचा नाही. प्रत्येक पंगतीच्या अर्धा तास आधी नवा घाणा उतरवायचा. पुऱ्या आणि जिलबीचंही तसंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोशिंबीर, मठ्ठा, जिलबीचं पीठ आणि पाक, या सगळ्याचे सुरुवातीलाच तीन वाटे करायचे. तिसऱ्या वाट्याच्या पातेल्यावर झाकण ठेवून त्याची जबाबदारी एका माणसाकडे द्यायची. पहिल्या पंगतीत कितीही मागणी आली, तरी त्या झाकणाला हात लावायचा नाही. माझ्याकडे हे काम मी नेहमी थोड्या कडक स्वभावाच्या बाईला देते.

वाढायला दहा माणसांमागे एक, म्हणजे बारा वाढपी. ही आपलीच तरुण मुलं-मुली असावीत. त्यांना एक शिकवा: आग्रह करायचा तो विचारून. "वाढू का काकू?" म्हणायचं आणि मान हलली की पुढे सरकायचं. जिलबी एकदम चार टाकण्यापेक्षा दोन वाढा आणि पुन्हा फिरा. आपल्यात साखर असलेले बरेच आहेत. त्यांना वेगळं ताट नको, फक्त त्यांच्या नकाराचा मान ठेवला की झालं.

कॅटररशी बोलताना काही गोष्टी लेखी घ्या. त्याच्याकडे एफएसएसएआयचा परवाना आहे का? दर जीएसटी धरून की सोडून? किमान किती ताटांची हमी आपण द्यायची आणि त्यावरच्या ताटाला दर काय? ताटं मोजणार कोण? आपला एक माणूस आणि त्यांचा एक, दोघांच्या सह्यांचा कागद हवा. गॅस व्यावसायिक सिलिंडरचाच, घरगुती टाकी चालणार नाही. थर्माकोलच्या प्लेटांवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा पानाच्या पत्रावळी आणि द्रोण. आणि हमी ३५० ची देऊ नका, ३२० ची द्या. वरचा शिधा कोरडा, न शिजवलेला राहू द्या. माणसं वाढली तर शिजवता येतो, नाही वाढली तर परत जातो. शिजवलेलं अन्न परत जात नाही. उरलंच तर अडीचनंतर लगेच वाटून टाका. भात आणि ताकाचे पदार्थ संध्याकाळपर्यंत ठेवून कुणाला देऊ नका. जे आपण खाणार नाही, ते दुसऱ्याच्या डब्यात घालायचं नाही.

मोठ्या कार्याची कामं लिहून वाटून देणं ही काही मी शोधलेली गोष्ट नाही. भोरहून मांढरदेवीचा घाट उतरलं की वाई, आणि वाईजवळ मेणवली. तिथला नाना फडणविसांचा वाडा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. १७८३ साली पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचं लग्न झालं, तेव्हा नानांनी बंदोबस्ताची तपशीलवार यादी करून कामं वाटून दिली होती. ज्यांच्याकडे माणसांची आणि पैशांची कमी नव्हती, त्यांनाही यादी करावी लागली. आपण तर ६४ घरांची सोसायटी.

आता पैशांचं बोलते. काही जणांना ते आवडणार नाही. सर्वसाधारण सभेनं जेवणासाठी १,२०,००० रुपये मंजूर केले आहेत. पुण्याचं दरपत्रक घेतलं तर ३५० ताटांचे १,९२,५०० होतात. कमी पडतात ७२,५००. ते माणशी वर्गणी काढून भरायचे, असा प्रस्ताव आहे. २७१ माणसांत वाटले तर माणशी साधारण २७० रुपये. ऐकायला फार वाटत नाही. पण सहा माणसांचं घर असेल तर १,६२० रुपये होतात. आपल्याकडे अशी घरं आहेत, जिथे एकाच्या पगारावर सहा माणसं आहेत. शिरवळच्या कंपनीत कंत्राटावर असलेली मुलं आहेत, ज्यांचं काम महिनाभर असतं आणि पुढच्या महिन्याचं सांगता येत नाही. ती माणसं काही सभेत उठून बोलणार नाहीत. ती त्या दिवशी "गावाला जायचं आहे" म्हणतील. किंवा दोघं येतील आणि चौघं घरी राहतील. पंचवीस वर्षं ज्यांच्याबरोबर पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभे राहिलो, त्यांना आपल्याच जेवणाला यायचं की नाही याचा हिशेब करायला लावायचा का?

इथल्या दरानं ३५० ताटांचे ९८,००० होतात. उरतात २२,०००. त्यात पत्रावळी, पाण्याचे जार, टेबल-खुर्च्यांचं भाडं बसतं. वर्गणी एक पैशाचीही नाही. पास्ता नसेल, आइस्क्रीम नसेल. मुलांचा हिरमोड होईल, हे मला कळतं. त्यांच्यासाठी संध्याकाळी गच्चीवर भेळ करू. चुरमुरे, फरसाण, चिंचेची चटणी माझ्याकडून. ते कंत्राट नाही, शेजारधर्म.

शेवटचा मुद्दा पंगतीत कोण कधी बसणार याचा. माझी सूचना अशी आहे. पहिल्या पंगतीत लहान मुलं, म्हातारी माणसं, आणि आपल्याकडे काम करणारे सगळे त्यांच्या घरच्यांसह. वॉचमनभाऊंचा डबा केबिनमध्ये नेऊन द्यायचा नाही, त्या वेळात गेटवर आपल्यातलाच कुणीतरी बसेल. दुसऱ्या पंगतीत पाहुणे, जुने सभासद आणि बाकीची घरं. तिसऱ्या पंगतीत वाढपी, आचारी, मांडववाले, आणि त्यांच्याबरोबर अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि अख्खी समिती. हसू नका, मी मनापासून सांगते आहे. समिती शेवटच्या पंगतीत बसणार हे एकदा जाहीर झालं, की जिलबी कशी पुरत नाही तेच बघू. मीही त्याच पंगतीत बसणार आहे.

तेव्हा सभेपुढे माझ्या चार सूचना आहेत. जेवण दुपारी. माणशी वर्गणी नाही. दहा पदार्थ, तीनही पंगतींना सारखे. आणि समिती शेवटच्या पंगतीत. यावर आजच हात वर करून निर्णय घ्यावा, म्हणजे आचाऱ्यांना तारीख धरून ठेवायला सांगता येईल. जानेवारीत लग्नसराई असते, चांगला आचारी महिनाभर आधी मिळत नाही.

दूध आटलेलं दिसतंय.